चौथ्या मजल्यावर सात अंश

माझे सासरे आज जिवंत आहेत ते एका लबाडीमुळे, आणि ती लबाडी त्यांनी स्वतःच केली होती. तरी उपकार मात्र मोजमापकाकांचे. कसे, ते सांगतो.

आमच्या इमारतीला चार मजले. तळमजल्यावर माझं व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान आणि त्याच्या मागे दोन खोल्यांत मी आणि बायको. चौथ्यावर, थेट पत्र्याखाली, सासरे एकटे. धंद्याने शिंपी. वय बहात्तर. त्यांचं शिलाई मशीन त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठं, आणि दोघांत जास्त कुरकुर कोण करतं यावर आमच्या घरात एकमत नाही.

त्या उन्हाळ्यात दोन संकटं हातात हात घालून आली. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायचं नाव घेईना, आणि गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर पेटला. खिडकी उघडली की धूर, लावली की भट्टी. बऱ्याच शहाण्यांनी मधला मार्ग काढला आणि खिडकी अर्धीच उघडली. त्यामुळे त्यांना धूर आणि उकाडा दोन्ही अर्धे मिळायच्या ऐवजी पूर्ण मिळाले.

दुसऱ्या मजल्यावर मोजमापकाका. जन्मभर वजनमापं तपासणारे निरीक्षक. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून जिन्याच्या पायऱ्या मोजायचे. उष्णतेची लाट आली आणि काकांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी चाळीस वर्षं जपलेली मिशी काढून टाकली. का, तर मिशीवर मास्क नीट बसत नाही, कडेने हवा गळते. काकूंनी दार उघडलं आणि "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरोघरी काचेचे थर्मामीटर वाटले. दाराशेजारी जी काचेची पट्टी आहे, तिच्या आतल्या बाजूला तो टांगायचा, तोंड जिन्याकडे. म्हणजे काकांना बाहेरूनच आकडा दिसणार आणि दार उघडून घरात धूर शिरणार नाही. सकाळी अकरा आणि दुपारी चार, अशी फेरी. ज्या घरात म्हातारं माणूस आणि आकडा पस्तिसाच्या वर, त्या माणसाने दुपारभर माझ्या दुकानात येऊन बसायचं.

माझंच दुकान का, तर व्हायोलिनचं लाकूड फार नाजूक. उकाड्याने तडकतं, धुळीने खराब होतं. त्यामुळे दुकानात एसी, हवा गाळायचं यंत्र, दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या. वर माणसं वाळत होती आणि खाली माझी व्हायोलिनं गारव्यात झोपली होती. मला हे इतकी वर्षं कधी खटकलं नाही. काकांनी एका वाक्यात खटकवलं. "लाकडाला चोवीस अंश लागतात, मग माणूस काय लोखंडाचा आहे?"

तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्याकडे सात म्हातारे जमले. टांगलेल्या व्हायोलिनांखाली घोरायचे, आणि कधी कधी सुरात घोरायचे.

सासरे काही येईनात.

"जावयाच्या घरी भर दुपारी पाय पसरून झोपू? मला अजून तेवढं म्हातारपण आलेलं नाही."

"बाबा, घर नाही, दुकान आहे ते," बायको म्हणाली.

"दुकानात दुरुस्तीला जातात. माझं काय दुरुस्त करायचंय?"

"यादी करायला बसले तर संध्याकाळ होईल."

खरं कारण वेगळं होतं. अग्निशमन दलाच्या बँडचे बावीस कोट त्यांनी शिवायला घेतले होते. लाल, जाड, लोकरीचे. बँडवाले सगळे कचऱ्याची आग विझवायला गेलेले, कोट न्यायला काळं कुत्रंही येणार नव्हतं. पण सासऱ्यांचा हिशेब सरळ. तारीख दिली म्हणजे दिली. चव्वेचाळीस अंशांत मांडीवर लोकरीचा कोट घेऊन ते काजं करत बसायचे.

आणि गंमत म्हणजे काकांच्या वहीत त्यांचा आकडा रोज एकोणतीस.

"चौथा मजला, वर पत्रा, आणि एकोणतीस!" काका मला सांगताना गहिवरले. "तुमचे सासरे म्हणजे आदर्श आहेत हो. करतात तरी काय ते?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "ओले पडदे." झालं. काकांनी अख्ख्या इमारतीला ओले पडदे लावायला लावले. बंद घरात ओले पडदे, त्यामुळे सगळीकडे धोबीघाटासारखी वाफ. तिसऱ्या मजल्यावरच्या पैलवानाच्या भिंतीला बुरशी आली. हा पैलवान व्यायामशाळा चालवतो. अंगाने दांडगा, पण बुरशीला घाबरतो.

आता कोणी म्हणेल, तुम्ही वर जाऊन का नाही पाहिलं? रोज जात होतो की. पण सकाळी सातला, पाण्याच्या बाटल्या द्यायला. सातला तिथे बरं असायचं. शिवाय तो एकोणतीसचा आकडा. वहीत लिहिलेला, काकांच्या सहीचा. त्याच्यावर विश्वास ठेवणं फार सोयीचं होतं, आणि मी ठेवला.

सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता काकांचा आवाज जिन्यातून आला.

"सात! सात अंश! माणूस गोठला!"

मी बाहेर धावलो. काका चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून ओरडत होते, मास्क हनुवटीवर.

"काका, चुकून सत्तेचाळीस असेल!"

"मला आकडे वाचायला शिकवतोस? सात! दार वाजवलं, आतून ओ नाही! ब्लँकेट आणा! गरम पाणी आणा!"

दुसरा कोणीही असता तर हसला असता. चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी माणूस गोठेल का, एवढा विचार तरी केला असता. पण काकांचा माणसांवर नसेल तेवढा विश्वास काचेवर. काच म्हणते सात, तर सात. आणि ते इतक्या खात्रीने ओरडत होते, की इमारतीलाही पटलं. पैलवानाने रजई घेतली. काकूंनी गरम पाण्याची पिशवी भरली. कोणीतरी कानटोपी आणली. अशी ती वरात घाम गाळत, धापा टाकत चौथ्या मजल्यावर.

"बाजूला व्हा," पैलवान म्हणाला आणि दार तोडायला मागे सरकला.

"थांब, किल्ली आहे!" म्हणत बायकोने कुलूप काढलं. पण पैलवान सुटला होता. दार उघडलं आणि तो त्याच वेगाने आत गेला, खोली ओलांडली आणि बावीस लाल कोटांच्या ढिगात डोक्यापर्यंत बुडाला.

ढिगाच्या शेजारी सासरे होते. खुर्चीतून घसरलेले, बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान तसंच, अंग तापलेल्या तव्यासारखं. डोळे अर्धे उघडे. "काज... तिरकं..." एवढंच काहीतरी पुटपुटत होते.

काका रजई घेऊन पुढे झाले. "गुंडाळा!"

"हात लावू नका!" बायको ओरडली. तिचा हात त्यांच्या कपाळावर होता. "काका, हे गोठलेले नाहीत. भाजलेत."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई शांत आवाजात सांगत होती. गार जागी न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करा, वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ. शुद्ध नीट येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

आणि मग एक नवल झालं. चुकीच्या आणलेल्या प्रत्येक वस्तूचा उपयोग झाला. रजईची झोळी झाली. चार कोपरे चौघांनी धरले आणि सासरे धक्का न लागता चार मजले उतरले. गरम पाण्याची पिशवी काकूंनी मोरीत रिकामी केली आणि तिच्यात बर्फ भरला. कानटोपी ओली करून त्यांच्या डोक्यावर घातली. दुकानातल्या सात म्हाताऱ्यांनी उठून जागा दिली, आणि सातही जण हातात येईल त्याने वारा घालायला लागले. एकाच्या हातात माझी बिलाची वही होती. तिची पानं खोलीभर उडत होती, आणि मला कधीच कशाचा इतका आनंद झाला नव्हता.

रुग्णवाहिका वीस मिनिटांनी आली. तिच्यातला माणूस सासऱ्यांना तपासत म्हणाला, "आधीच गार केलंत म्हणून बरं. कुणाच्या लक्षात आलं?"

सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काका मात्र भिंतीला टेकून वहीत डोकं घालून बसले होते.

बर्फ आणायला बायको वर बापाच्या घरी गेली होती, तेव्हाच तिला फ्रिजच्या दारावर चिठ्ठी सापडली. सासऱ्यांच्या अक्षरात. 'थर्मा. काढणे १०.५०, ३.५०.' म्हणजे थर्मामीटर दिवसभर फ्रिजमध्ये, आणि फेरीच्या आधी दहा मिनिटं काचेवर. दहा मिनिटांत तो बरोबर एकोणतिसावर यायचा. शिंप्याचंच माप, सूतभर इकडेतिकडे नाही. त्या दिवशी मात्र उन्हाने डोकं फिरलं, वेळेचं भान गेलं. पार चार वाजता काढला, टांगला, खुर्चीपर्यंत पोचले आणि कोसळले.

तिने चिठ्ठी पदराआड केली. बापाची लाज ती.

तीन दिवसांनी सासरे घरी आले, म्हणजे आमच्या घरी. दुपारी दुकानात आडवे पडले असताना काका पिशवी घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"सगळ्यांचे थर्मामीटर परत गोळा करतोय," काका म्हणाले. "ज्याने सात दाखवलं तो नादुरुस्त असणार. एक नादुरुस्त तर सगळ्यांवर शंका. फेरीही बंद."

बायकोने बापाकडे पाहिलं. सासऱ्यांनी व्हायोलिनांकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

"थर्मामीटर चांगला आहे," सासरे म्हणाले. "शिंपी नादुरुस्त होता." आणि सगळं सांगून टाकलं. फ्रिज, चिठ्ठी, दहा मिनिटं, ओले पडदे.

"ओले पडदे पण खोटे?" कोपऱ्यातून पैलवान कळवळला. "माझी भिंत गेली हो!"

काकांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्यासमोर असं माप कोणी मारलं नव्हतं."

"मारलं असेल. तुम्हाला कळलं नसेल."

"बाबा!"

काका हसले नाहीत. "सात होते म्हणून मी ओरडलो. एकोणतीस असते तर बरोबरची खूण करून खाली गेलो असतो."

सासऱ्यांनी काकांचा हात धरला, आणि मोजणाऱ्या माणसाचा हात मापं घेणाऱ्या माणसाच्या हातात बराच वेळ राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दुकानाच्या दारावर थाप. सासरे, वरून सामान घेऊन आलेले. मागे पैलवान, डोक्यावर शिलाई मशीन.

"जावईबापू, मशीनलासुद्धा उकडतं हो," ते म्हणाले आणि दोन सेलोंच्या, म्हणजे थोरल्या व्हायोलिनांच्या, मध्ये जागा करून बसले.

कोट पुरे व्हायला आणखी आठ दिवस लागले. पण त्याआधी त्यांनी उरलेल्या लाल कापडाचा एक लांबट खिसा शिवला आणि काकांच्या सदऱ्याला छातीवर लावला, थर्मामीटर ठेवायला. काकांनी पट्टी काढून खिसा मोजला. दोनदा.

"दोन मिलिमीटर तिरका आहे."

"उसवू?"

"राहू दे," काका म्हणाले, आणि थर्मामीटर खिशात घालून चारच्या फेरीला वर गेले.