पानफुटीचं पाणी

पानफुटीचं खोड घट्ट आहे का ते पाहायला अंबादासनं हात लावला, आणि ते मातीतून सरळ वर आलं. मुळं काळी पडली होती. मातीवर पांढऱ्या बुरशीचा थर होता. त्याची बायको शेवंता जाऊन दोन महिने झाले होते. कामठीहून, माहेरून आणलेल्या एका पानापासून तिनं हे झाड इथे रांझीत, फॅक्टरीजवळच्या घरात वाढवलं होतं. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

त्यानं खोड पुन्हा मातीत खोचलं आणि तसंच धरून ठेवलं.

"दीपा! अवं दीपा!"

शेजारची दीपा कणकेच्या हातानं धावत आली. कुंडीवर वाकली आणि तिनं नाक आक्रसलं.

"काका, काय काय टाकलं यात?"

"बुरशी जावी म्हणून हळद. दालचिनी. डब्यात होती तेवढी सगळी."

"कुंडी आहे की मसालेभात?" ती हसली, मग त्याचा चेहरा पाहून थांबली. "अच्छा, पाणी किती देता?"

"तीनदा. फॅक्टरीच्या भोंग्यावर. पेलाभर."

"पानफुटीले? अहो, तिले आठ दिवसांतून एकदा पुरते! काहून इतकं पाणी देऊन राहिले?"

अंबादासनं खोड सोडलं नाही. फॅक्टरीत बत्तीस वर्षं तो भोंग्यावर उठला, भोंग्यावर जेवला. शेवंताच्या किडन्या गेल्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं, तेव्हा त्या वेळाही त्यानंच भोंग्यावर ठरवल्या होत्या.

"शेवंताले अर्धा पेला द्यायचो," तो म्हणाला. "मोजून. शेवटच्या दिवशी तिनं अजून घोटभर मागितलं. मी म्हटलं, भोंगा होऊ दे."

दीपानं हात पदराला पुसले. शेंड्याचं एक घट्ट पान शोधून खुडलं. बशीत कोरडी वाळू घेऊन त्यावर ते आडवं ठेवलं.

"झाड गेलं, काका. यातून फुटलं तर फुटलं. पण आठ दिवस पाणी नाही. एक थेंब नाही."

"बरं."

ती गेली. थोड्या वेळानं दुपारचा भोंगा झाला. अंबादास उठला, माठातून पेला काठोकाठ भरला आणि खिडकीशी आला. पान वाळूवर होतं तसंच पडलं होतं.

भोंगा थांबला. त्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी अजून ओतायचं राहिलं होतं.