भरून ठेवलेली विहीर

विहीर भरलेली दिसावी म्हणून योगेंद्रने आठवडाभर मोटर लावली नव्हती. गिरडच्या रस्त्यावरचं पाच एकर शेत आणि त्यातलं घर पाहायला येणारा माणूस आधी विहिरीत डोकावतो, हे त्याला ठाऊक झालं होतं. मागचे दोघे डोकावून तिथूनच परत गेले होते. हे विकलं तरच वर्ध्यात घर घेता येणार होतं. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बसचे धक्के खाऊन परतणारी त्याची बायको रक्षा आताशा उंबऱ्यावरच बसून घ्यायची.

सिंदीचे कापसाचे व्यापारी मोतीलालजी ऊन चढायच्या आत आले आणि थेट विहिरीवर गेले.

"मे महिन्यात इतकं पानी?"

"झरा चांगला आहे न जी." योगेंद्र म्हणाला.

मोतीलालजी खूश दिसले. धुऱ्याच्या बांधावरून चालत लिंबाच्या बागेत शिरले आणि थबकले. पानं द्रोणासारखी वळली होती. फांदीला नुसता हात लागला, तर चार कच्ची लिंबं गळून पडली. आठवडाभर योगेंद्र विहिरीतच पाहत राहिला होता. बागेकडे फिरकलाच नव्हता.

"विहीर भरून आहे, अन् झाडं काऊन मरून राह्यली?"

"मोटर जळाली."

"बस, इतकंच? आमचा ड्रायव्हर पहिले मोटरीच दुरुस्त करत होता. ए चंद्रभान, पाह्य बरं जरा!"

चंद्रभान गाडीतून पाना काढून विहिरीकडे निघाला. तो स्टार्टरच्या पेटीशी पोहोचायच्या आत योगेंद्र धावत पुढे गेला.

"राहू द्या, भाऊ." मग तो मोतीलालजींकडे वळला. "मोटर चांगली आहे जी. उन्हाळ्यात थोडी चालते, मंग विहिरीतलं पानी संपते. तुमाले पानी दिसावं म्हणून मीच बंद ठेवली."

"मले येडा समजले काय?"

"नाई जी. घाई होती."

मोतीलालजींनी पुन्हा विहिरीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "लावा मोटर."

पाणी बागेत पोहोचलं. अर्धीअधिक झाडं भिजली, तोच पाइप खोकला आणि धार तुटली. योगेंद्रने मान वर केली नाही.

"बोअर मारा लागंल," मोतीलालजी पुटपुटले. "बाकीच्या झाडांले उद्या पानी देजा."

ओसरीवर रक्षाने चहा पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला. "गुरुवारी बायकोले घेऊन येतो, घर पाह्यले. योगेंद्रभाऊ, त्या दिवशी तुमी चूप राह्यजा. वहिनीले बोलू द्या."

"गुरुवारी नका येऊ जी," रक्षा म्हणाली. "मी वर्ध्याले मशीनवर असते. शुक्रवारी या."

मोतीलालजींनी तिच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं.

"बरं, शुक्रवारी," ते म्हणाले.