बनुबाईची बाज आणि दक्षिणेचा विंचू

मी बाज बोलतेय. दिवसभर मला भिंतीला उभी करून ठेवतात. जेवणं झाली की अंगणात आडवी होते. त्यामुळे माझं सगळं आयुष्य आभाळाकडे तोंड करून गेलं. तारे बघायला दुर्बीण नावाची चीज लागते, आणि ती फार महाग असते म्हणे. असेल बापडी.

माझे खूर, म्हणजे पाय, बाभळीचे, अंग घायपाताच्या दोराचं. तिसगावातल्या लालमहंमदनं मला विणलं, शेजारच्या गहिनीनाथाच्या लग्नासाठी. "वहिनी, नातवंडं नाचत्याल, तवर हिला काय व्हत न्हाई," असं तो नव्या नवरीला, बनुबाईला, म्हणाला होता. नवरी लाजली. मलाही बरं वाटलं.

पहिली काही वर्षं बनुबाई माझ्यावर पडायची आणि पडल्या पडल्या घोरायची. माणसं सगळा उन्हाळा आभाळाखाली झोपतात आणि नेमके डोळे मिटून घेतात, याचं मला नवल वाटे.

मग लढाईच्या दिवसांत, रॉकेल रेशनवर मिळत होतं तेव्हा, मढीच्या जत्रेहून येताना बनुबाई बैलगाडीतून पडली. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "तीन म्हयनं पाठीवरनं हलायचं न्हाई. हाड सरकलं तर जलमाची लंगडी."

आता ही बाई म्हणजे पायाला भिंगरी लावलेली. दिवसा घरात लोक असत, तेव्हा कशीबशी पडून राही. दिवस मावळला की कोपरावर रेटा देऊन उठायला बघायची. मी मोठ्यानं कुरकुरायची, म्हणजे घरच्यांना कळायचं.

गहिनीनाथ मला रोज अंगणात टाकायचा ती तिचे पाय उत्तरेला येतील अशी. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आजारी बायकोचे पाय तिकडे करायची त्याची छाती नव्हती.

तिला सोबत म्हणून लालमहंमदची बायको सरवरी आपली बाज घेऊन येऊ लागली. तिच्या घरची रीत निराळी. पश्चिमेला काबा, तिकडे पाय करायचे नाहीत. उशी उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. झालं, उशीला उशी लागली आणि आभाळाची वाटणी झाली. उत्तर बनुबाईची, दक्षिण सरवरीची.

"कंदील इझवू का?" सरवरी पहिल्याच दिवशी म्हणाली. "रॉकेल तरी वाचंल."

कंदील विझला. आधी दोघींना काहीच दिसेना. गप्पा मारता मारता डोळे अंधाराला सरावले आणि मघाशी रिकाम्या वाटलेल्या जागी चांदण्याच चांदण्या भरून आल्या.

"आगं, ही म्हातारीची बाज," बनुबाई म्हणाली. "चार खुरं. आन् मागं तीन चोर, बाज पळवायला आलेलं."

शिकलेली माणसं तिला सप्तर्षी म्हणतात; पण आभाळात माझी बहीण आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग बनुबाईला नादच लागला. रोज बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की बहिणीसकट सगळं फिरतं, पण निंबाच्या शेंड्यावरची एक चांदणी जागा सोडत नाही. चोरांपासून लांबच्या दोन खुरांवरून नजर सरळ पुढे नेली, की नेमकी तीच चांदणी सापडते. ध्रुव असा फुकट मिळाला. बाई शांत पडून राहू लागली आणि माझी कुरकुर थांबली.

वैशाख सरत आला तशी सरवरी एकदा म्हणाली, "बनुबाय, माझ्याकडच्या चांदण्यांत विंचू निघालाय. लई मोठा. काळजात लाल ठिपका, आन् नांगी ही अशी वाकडी."

"कायतरीच."

"अल्लाची कसम."

मेलीनं कशाला सांगितलं, असं मला झालं. विंचवाच्या भीतीनं माणसं माझ्यावर चढतात, आणि ही बया विंचू बघायला खाली उतरायला निघाली. कामट्या करकरल्या. सरवरीनं तिचे खांदे दाबून धरले.

"म्होरल्या साली बघ की."

"म्होरलं साल कुणी बघितलंय? आन् चार दिसांत ढग येत्याल."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तोच खेळ मांडला, आणि या वेळी तो गहिनीनाथानं दारातून पाहिला. तो रागावला नाही. ही आज ना उद्या उठणार आणि पाय कायमचा घालवणार, हे त्याला दिसत होतं. मग त्यानं हाक मारली, "लालूभाई, ये जरा. एक बाजू धर."

दोघांनी मला तिच्यासकट उचललं आणि फिरवून सरवरीच्या बाजेशेजारी टेकवलं.

"आवं, पाय दक्षिणेला आलं," बनुबाई घाबरून म्हणाली.

"येऊ दे. उठून लंगडी व्हन्यापरीस बरं." त्यानं घरातून काठी आणली आणि माझ्या पायथ्याशी, दक्षिणेकडे तोंड करून बसला. "यम आलाच, तर आदी माझी गाठ पडंल."

तो हे सहज म्हणाला. पण त्याची पाठ माझ्या खुराला टेकली होती आणि ती थरथरत होती, हे फक्त मला ठाऊक. मला त्या माणसाची फार माया वाटली.

बनुबाई दक्षिणेच्या आभाळाकडे डोळे लावून पडली.

"आवं," बनुबाई हळूच म्हणाली.

"काय गं? दुखतंय?"

"मुंडकं जरा खाली घ्या. नांगी झाकली."

सरवरी इतकी हसली की तिची बाज माझ्यापेक्षा मोठ्यानं कुरकुरली.

आषाढात कामट्या सुटल्या आणि बनुबाई सरळ चालली. हाडवैद्य म्हणाला, "ह्यो माझ्या तेलाचा गुण." म्हणेना का.

आता माझा दोर सैल पडलाय, एका खुराखाली वीट आहे. तरी विंचू निघायच्या दिवसांत गहिनीनाथ मला स्वतः फिरवतो आणि पायथ्याशी बसतो. काठी मात्र आणत नाही.

तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणीतरी भिंतीला टेकून उभी असेल. तिला अंगणात काढा, कंदील विझवा, डोळ्यांना जरा वेळ द्या. पाय कुठं करायचे ते तुमचं तुम्ही बघा. आणि पायथ्याशी तुमच्यासाठी कुणी बसलं असेल, तर त्याला मुंडकं जरा खाली घ्यायला सांगा. पण उठवू नका.