सातव्या भोकातली नळी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. परीक्षानळ्या उभ्या धरायच्या, एवढेच माझे काम. एका सुताराने उरल्यासुरल्या फळीतून मला घडवले आणि बारा भोके पाडता पाडता सातवे जरा वाकडे पाडले. त्यातल्या नळीला कायम मान तिरकी करूनच उभे राहावे लागे.

मी ज्या प्रयोगशाळेत आलो तिथल्या संशोधक बाई नवजात बाळांच्या काविळीचा अभ्यास करत. शेजारच्या वॉर्डातून बाळांच्या टाचेतले थोडेसे रक्त यायचे. त्यातला पिवळा रंग किती, हे बाई मोजायच्या. तो फार वाढला तर बाळाच्या मेंदूला आणि कानांना इजा होते. बाईंचे काम चोख होते. सगळे त्यांचे कौतुक करत, आणि त्यांच्या टेबलावर असल्यामुळे माझीही कॉलर ताठ असे.

मग एक नवे यंत्र आले. त्याने सगळे टेबल अडवले आणि माझी रवानगी खिडकीत झाली. "इथे ऊन छान येतं, नळ्या नीट दिसतील," बाई म्हणाल्या. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

पण ऊन लागले की रक्तातला तो पिवळा रंग विरतो. बाई हे विद्यार्थ्यांना शिकवत असत. माझी जागा बदलताना मात्र नेमके तेच त्यांच्या ध्यानातून गेले. नळ्या फिक्या पडताना मी पाहत होतो. मला बोलता येत नव्हते, याचे दुःख अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. वीस वर्षे त्यांनी बाळेच सांभाळली होती.

"मॅडम, तुमचा कालचा रिपोर्ट म्हणतो बाळ ठीक आहे. पण पोरगी तळपायापर्यंत पिवळी झालीय हो. दूधही ओढत नाहीये."

"यंत्र नवीन आहे, सिस्टर. ते चुकायचं नाही."

"यंत्राचं मला कळत नाही. बाळाचं कळतं."

बाईंनी ताजे रक्त मागवून लगेच मोजले. आकडा कालच्या दुपटीहून जास्त! त्यांनी माझ्या सातव्या भोकातली त्या बाळाची कालची नळी उचलली. काच उन्हाने कोमट झाली होती. बाईंनी मला झटकन उन्हातून बाजूला ओढले.

त्याच तासाला बाळाचे रक्त बदलायला घेतले. त्या तीन दिवसांतली सगळी बाळे पुन्हा तपासली, ती सुखरूप निघाली. ही मुलगी जगली, पण तिचे ऐकणे बरेचसे गेले. बाईंनी चूक स्वतःच्या नावाने नोंदवहीत लिहिली, तिच्या आईला समोर बसवून सांगितली आणि माझ्यासाठी काळ्या कापडाची खोळ शिवली.

पुढे प्लास्टिकचे स्टँड आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. गेल्या महिन्यात बाईंनी मला बाहेर काढले. समोर तीच आई होती आणि कानात यंत्र लावलेली नऊ वर्षांची मुलगी.

"माझं रक्त कुठे ठेवलं होतं?" मुलीने विचारले.

तिला ओठ दिसावेत म्हणून बाई खाली बसल्या. "इथे. सातव्या भोकात. उन्हात मी ठेवलं होतं. चूक माझीच होती, बाळा."

मुलीने त्या वाकड्या भोकात बोट घालून पाहिले. मग तिने खोळ उचलली, माझ्यावर चढवली आणि चारही कोपरे नीट ओढले.

"आता झाकून ठेवा हं," ती म्हणाली.

मित्रांनो, डोळ्यांना दिसते ते आणि कागदावर लिहिलेले जुळत नसेल, तर पुन्हा मोजायला लाजू नका. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. ही खोळ तेवढी काढू नका.