तिसऱ्या ओळीतला काना

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पाढ्यांचा नव्हे, बाराखडीचाही नव्हे. मी वेगांचा तक्ता. संगणक दुरुस्तीच्या दुकानात, कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर मी वीस वर्षे एकाच खिळ्याला लटकतो आहे आणि माझा तोरा अजून गेलेला नाही.

दुकान ताईंचे. त्यांचे यजमान पाट्या रंगवतात, म्हणून सगळे त्यांना रंगोबा म्हणतात. एका उरलेल्या पाटीच्या पाठीवर ताई सांगत गेल्या, रंगोबा लिहीत गेले आणि मी जन्मलो. मला दोन रकाने. डाव्या रकान्यात डिस्क संगणकाला जोडायच्या डबीवर किंवा वायरीवर छापलेला वेग, उजव्या रकान्यात त्याच वेगाचे मेगाबाइट. हा खटाटोप कशासाठी? तर कुणी आपला वेग बिटमध्ये सांगतो, कुणी बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. जागा अपुरी होती, म्हणून रंगोबांनी मेगाबिटचे 'मे.बि.' केले आणि मेगाबाइटचे 'मे.बा.'. माझी तिसरी ओळ होती, '१२ मे.बि. = १.५ मे.बा.'

काय दिवस होते ते! गिऱ्हाईक विचारायचे, "डबीवर बारा लिहिलंय, मग एवढं रडतखडत का चालतंय?" ताई माझ्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आठानं भागा, म्हणजे कळेल." गिऱ्हाईकही खात्री करायला तिथेच बोट ठेवायचे. हजारो बोटांनी घासून घासून 'बि'ची वेलांटी हळूहळू पुसली गेली. मला त्याचे वाईट वाटले नाही. कामात झिजलो, याचा मला अभिमानच होता.

पुढे नव्या, वेगवान जोडण्या आल्या. माझ्यावरच्या डब्या दुकानात दिसेनाशा झाल्या. मग कुणीतरी माझ्या खिळ्याला छत्री अडकवली आणि ती तिथलीच झाली. माझा अख्खा उजवा रकाना तिच्यामागे गेला. त्या छत्रीचा मला भारी राग यायचा.

एकदा ताई दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. रंगोबांना माझी दया आली. छत्री बाजूला काढून त्यांनी मला पुसले आणि प्रत्येक अक्षरावर पुन्हा रंग फिरवला. तिसऱ्या ओळीशी ते अडले. नुसता 'ब' उरला होता. शेजारच्या रकान्यात सगळीकडे 'बा' दिसत होते. त्यांनी ऐटीत काना ओढला, छत्री होती तिथे लावली आणि शीळ घालत निघून गेले. संगणकातले त्यांना ओ की ठो कळत नाही. मला मात्र कळत होते, की एका कान्याने माझा वेग आठपट फुगवला होता.

महिन्याभराने दुकानात एक निवृत्त गणिताच्या बाई आल्या. पिशवीत एक जुनी हार्ड डिस्क होती. मुलांनी पेपरांत लिहिलेली चुकीची, पण झकास उत्तरे त्यांनी तीस वर्षे जमवली होती. त्या उत्तरांचे पुस्तक निघणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पाने छापखान्यात द्यायची होती. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

ताईंनी डिस्क कानाशी धरून हलवली. "बाई, काल ही दहा मिनिटं चालून बंद पडली म्हणालात ना? आज एकदाच चालेल, तीही तेवढीच. पुढचा भरवसा नाही."

"मग माझ्या पोरांचं कसं होणार हो?" बाईंनी विचारले. त्यांची पोरे म्हणजे ती उत्तरे.

ताईंनी बारावाली डबी शोधून काढली. तिला हात लावून कित्येक वर्षे झाली होती. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले. "बारा मेगाबाइट. सामान सहा हजार मेगाबाइट. म्हणजे पाचशे सेकंद, साडेआठ मिनिटंसुद्धा नाहीत. बसतंय!" त्यांनी वायर उचलली.

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. खरा हिशेब तासाहून जास्त होता.

पण बाई पडल्या गणिताच्या. अर्धवट झाकलेला तक्ता त्यांना बघवेना. त्यांनी छत्री उचलून खुर्चीवर ठेवली, चष्मा पुसला आणि एकदम ओरडल्या, "थांबा! बारा मे.बा. बरोबर दीड मे.बा.? अहो, हे चौथीतल्या पोरानं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं!"

ताईंच्या हातातली वायर तशीच राहिली. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि दाराकडे वळून हाक मारली, "अहो, जरा आत या!"

रंगोबा ब्रश घेऊनच आत आले. "छान केलंय ना? तुला सांगणारच होतो."

"छान? बाईंची तीस वर्षं बुडत होती तुमच्या कान्यापायी!"

मग पळापळ झाली. माळ्यावरचा जुना संगणक उतरला; ही जुनी डिस्क थेट त्यालाच जोडता येत होती. रंगोबा स्टूल धरून शिंकत उभे होते. ताईंनी डिस्कला चपटी, रिबिनीसारखी वायर जोडली. तिचा वेग तेहेतीस मे.बा., मुळातच बाइटमध्ये.

"एकशे ब्याऐंशी सेकंद," बाई तोंडी म्हणाल्या. "तीनच मिनिटं!"

"कागदावर तीन. म्हातारी डिस्क आहे, सहा धरा."

सहा झाली. सात झाली. डिस्क करकरू लागली. आणि पडद्यावर अक्षरे आली, 'काम पूर्ण'. ताईंनी पहिले पान उघडले. प्रश्न होता, टोपलीत सात सफरचंदे होती, तीन काढली, आता किती उरली? खाली वाकड्या अक्षरात उत्तर होते, 'विचारून काढली का?' तिघेही पोट धरून हसले. मी हललो तो पंख्याच्या वाऱ्याने, असे त्यांना वाटले असेल. मी आनंदाने हललो होतो.

डोळे पुसत बाईंनी रंगोबांना विचारले, "तुमची ही ओळ घालू का हो पुस्तकात?"

"घाला की!" रंगोबा फुशारले. "फक्त रंगवणाऱ्याचं नाव नीट छापा. त्यात काना-वेलांटी चुकायला नको."

मित्रांनो, जुन्या तक्त्याला नवा रंग जरूर द्या, पण आधी त्याला शेवटपर्यंत वाचा. नाही कळले तर ज्याला कळते त्याला विचारा. आणि आमच्यात काही चुकलेले दिसले, तर बाईंसारखे मोठ्याने ओरडा. आम्ही कितीही तळमळलो, तरी ते काम आमच्याने होत नाही.