बोलणी

धनेशच्या कंपनीने सगळ्यांना पाळण्यांच्या मोठ्या पार्कचे पास वाटले तेव्हा संजनाची मुलगी दोन महिन्यांचीही झाली नव्हती. बाळंतपणासाठी दहिवलीला माहेरी गेलेली संजना नुकतीच खालापूरजवळच्या सासरच्या गावी परत आली होती. मुलीच्या मांडीवर लशीची गाठ अजून हाताला लागत होती.

"रविवारी सगळे जाऊ," धनेश म्हणाला. "आपण, रुचिता, आणि आमच्या कंपनीतला नीलेश त्याच्या बायकोला घेऊन येतोय."

"आणि ही?"

"ही पण. हिला कुठं पास लागतोय!"

"अहो, ऊन बघा बाहेर. तुम्ही जाऊन या सगळे. आम्ही दोघी थांबतो घरी."

"तिथं सगळं एसी हाय. आणि नीलेशला मी सांगून बसलोय, फॅमिली घेऊन येतो म्हणून. पास महिनाअखेर संपतायत, परत कोण देतोय?"

संजनाने पुन्हा नाही म्हटलं. मग तो बोलायचाच बंद झाला. जेवायला बसला की ताटाकडे बघून जेवायचा, भाजी हवी असली तर बहिणीला, रुचिताला सांगायचा. सासूबाई, धोंडूबाई, एकदा मुलाला म्हणाल्या, "एवढुश्या पोरीला कुठं जत्रंत नेतोस रं?" तो "काय होत नाय" म्हणाला. त्यांनी नातीच्या पायात काळा दोरा बांधला आणि विषय सोडून दिला.

संजनाने हो असं कधी म्हटलंच नाही. पण रविवारी सकाळी बॅग तिनेच भरली. तोंड फिरवून बसलेल्या माणसाशी भांडायला अंगात जोर लागतो, आणि तिची रात्र पोरीला खांद्यावर टाकून घरभर फिरण्यात गेली होती.

पार्कच्या गेटवर बॅगा तपासत होते. रखवालदाराने उकळलेल्या पाण्याचा थर्मास बाहेर काढला, झाकण उघडून बघितलं, परत ठेवला. मग संजनाच्या छातीशी बांधलेल्या झोळीत डोकावला. ती झोळी रुचिताने ऑनलाइन मागवली होती. जाड काळं कापड, फोटोत छान दिसायचं.

"मॅडम, एवढं लहान बाळ? कशाला आणता या गर्दीत?"

पास धनेशच्या हातात होते. तो शेजारीच उभा होता. तरी विचारलं मॅडमला.

संजनाने नवऱ्याकडे बघितलं. आता हा सांगेल, निदान हसून विषय बदलेल, असं तिला वाटलं. धनेश हसला खरा.

"काय करणार, हिलाच हौस," तो म्हणाला.

नीलेशही हसला. रखवालदार हसला. लोखंडी फिरतं दार फिरलं आणि सगळे आत गेले. धनेशचं वाक्य संजनाने पुन्हा मनात म्हणून बघितलं. हिलाच हौस. कुणी कानफटात मारली असती तर कमी लागलं असतं.

एसी होता, पण तो पाळण्यांच्या इमारतींच्या आत, आणि तिथे तान्ह्या बाळाला नेता येत नव्हतं. बाहेर सिमेंटचे रस्ते, त्यावर प्लास्टिकची झाडं. एका झाडाखाली बाकडं होतं. पहिल्या पाळण्याला जाताना धनेशने मोबाइल आणि पाकीट संजनाकडे दिलं. "वर उलटं करतात, पडंल." नीलेशने त्याचा मोबाइल दिला, त्याच्या बायकोने, रूपालीने, पर्स ठेवली. रुचिताने गॉगल, टोपी आणि मोबाइल ठेवून "वहिनी, पाच मिनिटं हां" म्हटलं. बाकड्यावर सामानाचा ढीग झाला आणि ढिगाशेजारी संजना.

ते एकदा परत आले. पाणी प्याले, फोटो काढले. रुचिताने पोरीला झोळीतून काढून कडेवर घेतलं, मागे मोठा पाळणा दिसेल अशी उभी राहिली. तेवढ्यात ढोलताशासारखा आवाज करत रंगीत मुखवट्यांची मिरवणूक आली. पोरगी दचकली आणि किंचाळून रडायला लागली.

"भूक लागली असेल," धनेश म्हणाला. "तू पाज तिला. आमी पाण्याच्या राइडला जाऊन येतो."

"अहो, मी काय म्हणते, आता निघू या. हिचं अंग गरम लागतंय."

"उन्हानं लागतंय. लाइन वाढायच्या आत जाऊन येतो ना."

तो गेला. पाजायची खोली होती, तशी पाटी होती, पण दाराला कुलूप होतं. संजना पुन्हा बाकड्यावर आली आणि ओढणीखाली पोरीला घेतलं. तिने दोनदा तोंड लावून सोडून दिलं. शेजारून जाणारी एक बाई थांबली. "अहो, किती दिवसांचं आहे? हाल करताय बिचाऱ्याचे!" आणि पुढे गेली. संजनाला तिच्या पाठीवर थर्मास फेकून मारावासा वाटला.

थोड्या वेळाने पोरगी रडायची थांबली. संजनाला आधी बरं वाटलं, मग तिने ओढणी बाजूला केली. गाल लालभडक, डोळे अर्धे मिटलेले, हात उचलला की तसाच खाली पडत होता. लंगोट चाचपला. सकाळी बांधलेला, कोरडा.

तिने धनेशला फोन लावला. तिच्याच मांडीवरच्या बॅगेत फोन वाजायला लागला.

तिने पोरीला उराशी धरलं, सगळ्यांच्या बॅगा दुसऱ्या खांद्यावर अडकवल्या आणि प्रथमोपचार केंद्र विचारत विचारत जवळजवळ पळत गेली. तिथल्या नर्सने झोळी सोडवली, अंगावरचे कपडे काढले, काखेत थर्मामीटर लावला.

"ताप आहे. एवढ्या लहान बाळाचा ताप अंगावर काढायचा नसतो. लगेच डॉक्टर गाठा." ओल्या फडक्याने पुसता पुसता ती म्हणाली, "आणलंत कशाला पण हिला?"

स्पीकरवरून धनेशच्या नावाचा पुकारा झाला. गाणं थांबलं, नाव आलं, गाणं पुन्हा सुरू झालं. संजना दाराकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा पुकारा झाला. कुणी आलं नाही. तिने पोरीची पिशवी तेवढी घेतली, बाकी सगळं नर्सच्या टेबलावर ठेवलं, मोबाइल, पाकीट, पर्स, गॉगल. "माणसं येतील, त्यांना द्या," म्हणाली आणि बाहेर येऊन रिक्षात बसली.

खालापूरला लहान मुलांच्या एक डॉक्टरबाई होत्या. रविवारी दवाखाना बंद असतो, पण त्या वरच राहत. संजनाने बेल दाबली ती बाई खाली येईपर्यंत सोडली नाही.

डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं, टाळू बघितली, रक्त काढलं. त्यांचे हात भराभर चालत होते आणि तोंडही.

"लघवी शेवटची कधी केली?"

लंगोट सकाळपासून कोरडा होता, पण त्याआधी कधी, ते संजनाला आठवेना.

"आठवत नाही? आई ना तुम्ही? शिकलेल्या दिसता. दोन महिन्यांचं बाळ या उन्हात पार्कला नेतं का कुणी? फोटो काढायचे होते? आणखी तासभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, कल्पना आहे?"

संजनाला सांगायचं होतं. सगळं, अगदी पहिल्या दिवसापासून. पण पोरीच्या हातात सुई जात होती, आणि तिचा तळवा संजनाच्या बोटाभोवती नीट मिटतही नव्हता. ती मान खाली घालून ऐकत राहिली. बोलणी अंगावर पडत होती आणि आत कुठेतरी साठत होती.

संध्याकाळी ताप उतरला. पोरीने तोंड लावलं आणि या वेळी सोडलं नाही. रक्तात काही निघालं नव्हतं, उन्हाने आणि पाणी कमी पडल्याने झालं होतं. घरी न्या, उद्या सकाळी परत दाखवायला आणा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

तेवढ्यात चौकशी करत धनेश आला. केस ओले, डोक्यावर पार्कची टोपी. मागे रुचिता रडवेली.

"सांगून तरी जायचं होतं," तो दारातूनच म्हणाला. "तासभर शोधतोय तुला. नीलेशसमोर माझी काय शोभा झाली!" मग त्याची नजर पोरीच्या हातातल्या पट्टीवर गेली. "काय झालं हिला?"

संजनाने पोरीला उचलून घेतलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं, याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती.

घरी पोचल्यावर धोंडूबाईंनी नातीला ओढून घेतलं. "मी सांगितलं व्हतं का नाय? तू आई ना गं? तुला कळाया नको? हौस येवडी का पोरीपरास मोठी?"

"हौस" हा शब्द पुन्हा आला आणि संजनाचा बांध फुटला. धनेश मोरीत पाय धूत होता. ती मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"तू सांग," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आईदेखत तर नाहीच. धोंडूबाई नातीला थोपटायच्या थांबल्या.

"कुणाची हौस होती, सांग तुझ्या आईला. सांग ना!"

"ओरडू नको. बाळ उठंल."

"सकाळपासून गेटवरचा बोलला, रस्त्यावरची बाई बोलली, नर्स बोलली, डॉक्टर बोलल्या, आता आई. तुला एक जण तरी बोललं का? एक?"

पाय धुऊन झाले होते तरी तो पाणी घालत राहिला.

"उद्या हिला दवाखान्यात तू घेऊन जायचं," संजना म्हणाली. "रजा टाक. मांडीवर घेऊन तू बसायचं."

सकाळी तो खरंच पोरीला घेऊन बसला. अवघडून, कोपर वर करून. बाकावरच्या बायका कौतुकाने बघत होत्या. "बाप बघा कसा मायेनं धरून बसलाय," एक म्हातारी म्हणाली. संजना दाराजवळ उभी राहून ऐकत होती.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला. "अरे वा! आज बाबा स्वतः आले! असे बाबा पाहिजेत." पोरीला तपासून झालं, सगळं ठीक होतं. मग त्या संजनाकडे वळल्या. "नशीबवान आहात, काळजी घेणारा नवरा आहे. आता तुम्हीही जरा नीट लक्ष द्या."

"डॉक्टर," संजना म्हणाली, "काल मला जे बोललात ते आज यांना बोला."

"म्हणजे?"

"मी नेलं नव्हतं. मी नको म्हणत होते. यांनी नेलं. गेटवर माणसाने विचारलं तर हिलाच हौस म्हणून सांगितलं. काल तुम्ही मला म्हणालात, आई ना तुम्ही. आता यांना विचारा, बाप ना तुम्ही?"

"संजना, घरी बोलू," धनेश दबक्या आवाजात म्हणाला.

"घरी नाही. बोलणी मी इथं खाल्ली, तर इथंच."

"अहो, झालं गेलं ते..." डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काल मी एकटी होते तेव्हा नाही म्हणालात झालं गेलं."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बायका आत वाकून बघत होत्या. धनेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने पोरीकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"मी नेलं होतं," तो पुटपुटला. "ती नको म्हणत होती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं करायचं नसतं हो," त्या त्याला म्हणाल्या. "यापुढे काळजी घ्या." कालचा आवाज नव्हताच तो. एखाद्या पाहुण्याला पंगतीत वाढताना असतो तसा आवाज होता. संजनाला तो फरक लख्ख ऐकू आला.

बाहेर आल्यावर धनेश म्हणाला, "झालं समाधान?"

"नाही."

तिने त्याच्या हातातून पोरीला घेतलं. "मी दहिवलीला चाललेय."

"आईला काय सांगू?"

"काय झालं ते."

समोरच्या थांब्यावर दहिवलीवरून जाणारी कर्जतची एसटी उभीच होती. ती चढली. त्याने हाक मारली तेव्हा ती जागा शोधत होती, आणि मागे वळली नाही.

माहेरी तिने आईला, भागूबाईला, सगळं सांगितलं. भागूबाईने ऐकून घेतलं, हळहळली, पण दोन दिवसांनी भाकऱ्या थापता थापता म्हणालीच, "चारचौघांत बोलाया नको व्हतं गं. पुरुषमाणसाची जात. राग धरून बसू नको." संजना ताटावरून उठली.

पुढच्या रविवारी धनेश आला. एकटाच. आधी फोन केला नव्हता. भागूबाईची धांदल उडाली. "या जावईबापू, बसा," म्हणत तिने खुर्चीवरचे कपडे उचलले, पंखा लावला, शेजारच्या पोराला कोंबडीसाठी धाडायला निघाली. संजना आतल्या दाराशी उभी होती. तिच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. आईच्या घरातसुद्धा यालाच खुर्ची.

"कोंबडी नको, आई," धनेश म्हणाला. तो बसला नव्हता. "आधी माझं ऐका. संजनानं सांगितलंच असंल, पण मी पण सांगतो. पोरीला मी नेलं व्हतं. ही नको म्हणत व्हती, मी दोन दिवस अबोला धरला. आणि गेटवर खोटं बोललो. घरी आईला पण सांगितलं. ती मला लय बोलली."

भागूबाई पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. जावई असं काही बोलतो तेव्हा काय म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, "चुकलंच तुमचं. नातीचा जीव गेला असता तर?"

"व्हय," धनेश म्हणाला.

संजना बघत होती. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कुणी दारात अडवलं नव्हतं, तरी तो बोलला होता. एवढं तिने मनाशी मान्य केलं. राग गेला नव्हता, पण थोडा उतरला.

"आज मी येणार नाही," ती म्हणाली.

"बरं."

"कधी येईन ते मी सांगेन."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. आत पोरगी कुरकुरली. तो जागचा हलला, मग थांबून संजनाकडे बघितलं. "मी घेऊ?"

"तू हात धुऊन ये आधी," संजना म्हणाली. तो मागच्या दारी गेला, आणि आपण त्याला आईसमोर परत तू म्हणालो, हे तिच्या थोड्या वेळाने लक्षात आलं. तिने ते तसंच राहू दिलं.