अस्तरातला हप्ता

कर्जाचा शेवटचा हप्ता घरखर्चात विरघळू नये, म्हणून शिंप्याने तो मास्तरांनी वर्षभर न नेलेल्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता.

"अहो, मास्तरांचा कोट पोचवून आले," बायको ऐटीत म्हणाली. "शिलाई वसूल केली, दूधवाल्याची उधारीही मिटवली!"

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. हप्ता उद्याच भरायचा होता. तो धापा टाकत मास्तरांकडे पोचला.

"पाठीला काहीतरी टोचतंय हो," कोट घातलेले मास्तर कुरकुरले.

"आणा, उसवून देतो. फुकट!"

"फुकट? आणि तुम्ही?" मास्तरांनी कोट घट्ट धरला.

शेवटी सगळं सांगावं लागलं. शिंप्याने अस्तर उसवलं, नोटा मात्र मास्तरांनीच मोजल्या. पुऱ्या भरल्या.

"वहिनींना माहीत नाही वाटतं?"

शिंपी पुन्हा पांढराफटक पडला. "मास्तर, पुढच्या कोटाची शिलाई माफ!"